शून्यावरचा जाड ठिपका

माझ्या स्वेटरच्या कोपराला एक निळा ठिपका चिकटला होता, आणि तो परत घ्यायला एक अनोळखी माणूस माझ्यामागे धावत जिना चढत होता.

"बाई… अहो बाई, थांबा ना जरा!"

मी थांबले. म्हटलं, कुणा मुलाचे वडील असतील, मार्कांवरून भांडायला आलेले. वळून पाहिलं तर हा – केस विस्कटलेले, धाप लागलेली, हातात गोल चिकट ठिपक्यांची फुटलेली पुडी.

"तुमच्या कोपरावर माझा ठिपका आहे," तो म्हणाला.

"बरं, मग?"

"मोजून आणलेत हो. शाळेत जितके शिक्षक तितकेच, माझ्यासकट. एक हरवला तर एक शिक्षक कमी पडेल."

"एक शिक्षक कमी पडला तर या शाळेला पत्ताही लागणार नाही," मी म्हटलं आणि कोपर पुढे केलं.

त्याने नखाने अलगद ठिपका उचलला, पुडीत ठेवला, 'थँक्यू' म्हणाला आणि गेला. तेवढंच! पण खरं सांगते, कितीतरी दिवसांत मला कुणाचा एवढासुद्धा स्पर्श झाला नव्हता. कोपर दिवसभर वेगळंच वाटत राहिलं. मग स्वतःचाच राग आला. काय हे, शोभतं का तुला?

तो कोण, ते मधल्या सुट्टीत कळलं. मोठ्या बाईंनी – आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणतात – स्टाफरूममध्ये उभं राहून जाहीर केलं, की आकडे आता फक्त गणिताच्या तासाचे राहिले नाहीत. माहिती गोळा करणं, आलेख वाचणं, समोरचा आकडा खरा की फसवा ते ओळखणं, हे प्रत्येक विषयात शिकवायचं. त्यासाठी हे सर एका सत्रापुरते आलेत. प्रत्येकाच्या तासाला बसतील, मदत करतील आणि सत्र संपलं की पुढच्या शाळेत जातील.

"म्हणजे आता लढायांची सरासरी काढायची?" इतिहासाचे सर पुटपुटले. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी नेहमीच्या जागी होते, खिडकीपाशी. तिथून नदी दिसते आणि नदीपलीकडची एक पिवळी पाण्याची टाकी. त्या टाकीकडे बघत डबा खायचा, हा माझा रोजचा शिरस्ता.

महिन्याभरात मुलं त्याला 'ठिपकेवाले सर' म्हणायला लागली. खेळाच्या सरांनी मुलांना पळवून नाड्या मोजायला लावल्या. इतिहासाच्या सरांनी खरंच राजांच्या कारकिर्दींचा आलेख काढला आणि वर्गावर्गांतून मिरवला. राहिले मी. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तुमच्या तासाला कधी येऊ?"

"माझ्या तासाला मोजण्यासारखं काही नसतं, सर. मी भाषा शिकवते. कविता मोजायला घेतली की संपते."

"मोजू नका. मला फक्त प्रश्न हवाय."

"कसला?"

"एक चांगला प्रश्न. बाई, आकडे नंतर बिघडतात, आधी प्रश्न बिघडलेला असतो. नीट प्रश्न कसा विचारायचा, ते मी नाही शिकवू शकत… तुम्ही शिकवू शकता."

असं कुणी म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणणार? मी म्हटलं, "या गुरुवारी." आणि लगेच पुस्तकात डोकं घातलं, कारण कान गरम झाले होते.

गुरुवारी तो आठवीच्या शेवटच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसला. मी मुलांना म्हटलं, तुम्हाला खरोखर जाणून घ्यायची आहे अशी एक गोष्ट सांगा. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'शंका' म्हणतात, कारण तिचा हात कायम वर असतो. तिने विचारलं, "बाई, मोठ्या माणसांना मित्र असतात का?"

वर्ग खो खो हसला. शंका हसली नाही. "शिक्षकांना विचारूया. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काल किती जणांशी बोललात?"

मग अर्धा तास नुसता गोंधळ. फोन धरायचा का? धरायचा. दुकानदार? 'सुटे द्या' म्हणणं हे काय बोलणं झालं! कुत्रा? मोठा वाद होऊन कुत्रा बाद झाला. शेवटी शंकानेच नियम केला: दोघांनीही एकमेकांबद्दल एक तरी प्रश्न विचारला असेल, तरच ते बोलणं धरायचं.

"वा!" मागून आवाज आला. "बाई, तुमचा वर्ग माझ्यापेक्षा हुशार आहे."

मी हसले खरी, पण आतून चरकले. कारण माझं उत्तर मला तिथेच कळलं होतं.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. आत शिरले की आधी रेडिओ लावते, मग चप्पल काढते. ताई रविवारी फोन करते. ताई माझी सख्खी बहीण, जीव लावणारी, पण बोलते ती मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे गुडघे आणि गळणारी गच्ची. मी "हो का", "अगं बाई" म्हणत राहते. पाऊण तासाने "चल, ठेवते, काळजी घे" म्हणून ती फोन ठेवते. तिने मला काही विचारलेलं नसतं. आणि खोटं कशाला बोलू, मीही तिला विचारलेलं नसतं. विचारलं की समोरचा आपल्यालाही विचारतो, आणि मग सांगावं लागतं.

व्हरांड्याच्या भिंतीवर मुलांनी लांबलचक कागद लावला, त्यावर एक रेघ आणि रेघेवर शून्यापासून पुढे आकडे. शेजारी ठिपक्यांची पुडी. ज्याने त्याने सवडीने एक ठिपका लावायचा, नाव नाही. पण लोक कसले गप्प बसतात! खेळाच्या सरांनी नऊवर लावला आणि स्टाफरूमभर सांगत सुटले. जो लावी, तो ठिपकेवाल्या सरांना जाऊन सांगे.

मी वाट पाहिली. शाळा सुटली, व्हरांडा रिकामा झाला, तेव्हा गेले. मनात होतं, तीनवर लावावा. तीन कसा सभ्य आकडा आहे! पण मुलांनी एवढा जीव तोडून नियम केलेला, आणि त्यांच्या बाईंनीच खोटा ठिपका लावायचा? हात तीनवरून मागे आला. मी शून्याकडे वळले आणि थबकले.

शून्यावर एक ठिपका आधीच होता. घाईत लावल्यासारखा, एक कड दुमडलेली.

कोण असेल? या एवढ्या गलक्यात, या हसणाऱ्या-खिदळणाऱ्या स्टाफरूममध्ये आणखी एक जण आहे, जो घरी जाऊन माझ्यासारखाच गप्प बसतो! मला रडूच आलं. पण दोन ठिपके दिसले असते तर लोकांनी तर्क केले असते, आणि माझं नाव पहिलं आलं असतं. म्हणून मी माझा ठिपका त्याच्यावरच, बरोब्बर त्याच्यावर बसवला. अंगठ्याने कड दाबली. पाहणाऱ्याला एकच दिसला असता.

इकडे तो मला छळत होता. छळत म्हणजे… विचारत होता. "बाई, खिडकीपाशीच का बसता?" "सवय." "लहानपणी कोणती कविता पाठ होती?" "बऱ्याच." "तुम्हाला गाता येतं का? परवा फळा पुसताना गुणगुणत होतात." "छे!" तो हसायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. मला काय त्याला विचारावंसं वाटत नव्हतं? शंभर गोष्टी विचाराव्याशा वाटत होत्या. पण सत्र संपलं की जाणाऱ्या माणसाची सवय कशाला लावून घ्यायची? मी दात-ओठ आवळून बसले. आणि तो आला नाही त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी मुलांनी कागद वर्गात आणून ठिपके मोजले. शिक्षक सव्वीस, ठिपके पंचवीस.

"एका शिक्षकाने लावलाच नाही," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

शंकाचा हात वर. "पण सर, पुडी रिकामी आहे. तुम्ही मोजून आणली होती ना?"

"मोजून आणली होती," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा वाटला.

कोपरावरचा एक ठिपका परत मिळवायला जिना चढून आलेला माणूस! त्याच्या पुडीत चूक कुठून असणार? शंका कागदाजवळ गेली आणि एकेका ठिपक्यावरून बोट फिरवू लागली. शून्यापाशी थांबली.

"सर, हा जाड आहे!" तिने नखाने कड उचकटली. "खाली अजून एक आहे. शून्यावर दोघं आहेत!"

शंकाने दोन्ही ठिपके शेजारी शेजारी लावले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"पण सर," ती म्हणाली, "हे दोघं याच शाळेत आहेत ना? मग त्यांनी एकमेकांशीच बोलावं की! एकदा नीट बोलले तर दोघंही एकदम एकवर येतील."

मी फळा पुसायला घेतला. फळा स्वच्छच होता.

"एकदा मोजून काही ठरत नाही," तो अडखळत मुलांना म्हणाला. "खाली दुसरी रेघ आखा. उद्या पुन्हा विचारू. मी नवी पुडी आणतो."

तास संपला, मुलं गेली. कागद पुन्हा भिंतीवर लावायचा होता. एक टोक मी धरलं, एक त्याने. वाऱ्याने कागद फडफडत होता.

"खालचा माझा," तो कागदाकडे बघूनच म्हणाला.

माझ्या हातून टोक सुटलं. त्याने वाकून उचललं, परत माझ्या हातात दिलं.

"वरचा…" मी म्हटलं.

"ठाऊक आहे. माझ्या ठिपक्याची कड दुमडलेली होती. एका सकाळी पाहिलं तर सरळ. आणि सगळे जण येऊन मला आपापला आकडा सांगून गेले, बाई. एकच व्यक्ती आली नाही."

"ठाऊक होतं आणि गप्प बसलात!"

"गप्प? मी?" तो एकदम हसला, पण डोळे हसत नव्हते. "सत्रभर विचारतोय मी. तुम्ही मला एकदाही काही विचारलं नाहीत. मुलांच्या नियमाने आपलं एकही बोलणं धरता येत नाही."

खरं होतं. मी, प्रश्न विचारायला शिकवणारी! आज शुक्रवार, उद्या अर्धा दिवस, मग हा गेलाच. आता नाही विचारलं तर आयुष्यभर टाकीकडे बघत डबा खायचा.

"तुम्ही… सोमवारपासून कुठे जाणार?"

"नदीपलीकडच्या शाळेत."

"म्हणजे?"

"पूल ओलांडला की लगेच. तुमच्या खिडकीतून तिची टाकी दिसते. पिवळी."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सत्रभर ज्या टाकीकडे बघून मी उसासे टाकले, ती… मठ्ठ कुठली मी!

"हे आधी नाही का सांगायचं?"

"कुणी विचारलंच नाही."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "मला तुम्ही जायला नको होतात," मी म्हटलं. "रोज वाटायचं. रोज!"

कागदाचं टोक धरलेल्या माझ्या हातावर त्याने हात ठेवला, आणि या वेळी काही उचलून न्यायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. मी विचारत सुटले – घरी कोण असतं, जेवण कोण करतं, शून्यावर ठिपका लावताना हात थरथरला का? तो म्हणाला, "अहो, एकेक विचारा. उद्यासाठी ठेवा काही." घरी आल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात आलं, रेडिओ लावायचा राहिला होता.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत पोहोचले. पण माझ्याही आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. दुसऱ्या रेघेखाली नवी पुडी होती, आणि एकवर एक निळा ठिपका होता, घाईत लावलेला, एक कड दुमडलेली.

मी पुडीतून माझा ठिपका काढला. या वेळी त्याच्यावर नाही लावला. शेजारी लावला, कडेला कड भिडवून.