मागे ठेवलेल्या सात काचा

शालिग्राम फोटोवाले चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या भाऊरावांच्या खोलीत आले आणि दम खात खुर्चीवर बसले. साल १९३८. जबलपूरच्या बडा फुहारा चौकाजवळ त्यांचा जुना स्टुडिओ होता. वय सत्तरीला टेकलेलं.

तीस वर्षं ते जबलपुरातल्या अशा पुरुषांचे फोटो काढत आले होते, ज्यांचा एकमेकांवर जीव होता. कारकून, मास्तर, कापडवाले. लग्नाच्या जोडप्यासारखे शेजारी बसलेले. बाहेर कळलं असतं तर अब्रू गेली असती आणि तुरुंगही दिसला असता. काचेच्या अठ्ठेचाळीस निगेटिव्ह एका पेटीत होत्या. त्यातल्या एक्केचाळीस नाहीशा झाल्या होत्या.

"काचांवर फक्त नंबर आहेत," शालिग्राम म्हणाले. "नावांची वही सदा माझ्या खिशात. तिला कोणाचा हात नाही लागला."

मरायच्या आधी ते फोटो स्टुडिओच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसतील असे लावायचं त्यांनी ठरवलं होतं. हे तिघांनाच ठाऊक होतं, पेटीची किल्लीही त्याच तिघांकडे: बहीण नर्मदा, वकील शैलेंद्र आणि काचांवर पेन्सिलीने चेहरे सुधारणारे, रिटचिंग करणारे बाबाराव.

भाऊरावांनी शालिग्रामांना विचारत वही चाळली. उरलेल्या सातही काचांवरची माणसं वारलेली होती, नाहीशा झालेल्यांवरची जिवंत. त्यातली एक काच घेऊन ते सोबती गुणवंताला म्हणाले, "चला."

नर्मदाबाईंनी काच हातात घेतली नाही. काळ्या तोंडाची भुतं दिसतात, म्हणाल्या. शैलेंद्रने ती काळ्या टेबलावर ठेवून पाहिली आणि काहीच कळत नाही म्हणून परत केली. बाबारावांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"गणपतराव. मागल्या पोळ्याला गेले."

संध्याकाळी भाऊरावांनी सगळ्यांना स्टुडिओत बसवलं.

"शैलेंद्रजींनीच नेल्या," गुणवंत कुजबुजला. "त्यांना निवडणूक लढवायची आहे, लोकांना धाकात ठेवायला बऱ्या."

"गणपतराव त्यांचे सख्खे मामा. त्यांनाच ते ओळखू शकले नाहीत," भाऊराव थकल्या आवाजात म्हणाले. "धमकावायचं असतं तर चोराने वही पळवली असती. त्याने वहीशिवाय नेमके जिवंत लोक निवडले आणि मेलेले मागे ठेवले. म्हणजे त्याला जिवंतांना वाचवायचं होतं. आणि निगेटिव्हवरचा चेहरा वाचणारा इथे शालिग्रामांखेरीज एकच आहे."

बाबाराव खाली पाहत राहिले. लोकांची बायकामुलं आहेत, असं काहीतरी पुटपुटले. काचा त्यांनी ग्वारीघाटावर नर्मदा नदीत सोडल्या होत्या.

"मले विचारलं काहून नाही?" शालिग्रामांनी विचारलं.

"तू ऐकलं असतं?"

शालिग्राम हळूच म्हणाले, "पहिली पण?"

पहिल्या काचेवर शालिग्राम आणि बाबाराव, दोघेच होते. बाबारावांनी होकारार्थी मान हलवली.

नर्मदाबाई उठून आत गेल्या. शेवटी शालिग्रामांनी कॅमेऱ्यावरचं काळं कापड काढलं.

"बस त्या खुर्चीवर. बाकीच्यांनाही विचारू. जे हो म्हणतील, त्यांचे पुन्हा काढू."

"आता म्हातारे दिसू."

"म्हातारेच आहोत न," शालिग्राम म्हणाले आणि शेजारची खुर्ची जवळ ओढली.