काठावरचे पांढरे जोडे

"सर, मॅडमला खड्ड्याकडे जाताना तुम्हीच शेवटचं पाहिलं म्हणता. मग थांबवलं काऊन नाई?"

अख्ख्या हॉलच्या माना मागे वळल्या.

प्रश्न तोंडातून गेला, आणि आपण तो खरंच विचारला हे संघप्रियाला मग कळलं. पैज आलुबोंड्याची होती. "हिंमत असंन तर भर सभेत विचार," रोशनी आणि बाकीच्या पोरींनी तिला डिवचलं होतं. अकरावीतली ही पोरगी मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटायची. रुखमा मॅडमनं तिचा आवाज मोकळा केला होता. "बॉल पाहिजे तर ओरडून माग! मनातल्या मनात मागणाऱ्याले पास भेटत नाई," असं त्या कोर्टावरून गरजायच्या.

आता त्या मॅडमच नव्हत्या. कोळसा खाणींच्या माजरीतल्या महिला बास्केटबॉल संघासाठी नवा कोच निवडायला ही सभा भरली होती. समोर खुर्च्यांवर तीन उमेदवार बसले होते. त्यांत सगळ्यात पुढे नाव होतं सहायक कोच निकेश सरांचं. माइक होता संघाचे मॅनेजर राजदीप सरांच्या हातात.

राजदीप सरांनी माइक खाली घेतला. डोळे मिटले.

"बेटा, ते माझं चुकलं. मॅच हरल्यावर सगळे गेले. दिवस मावळत होता. मॅडम बाहेर निघाल्या. मान खाली. पायात तेच पांढरे जोडे. फाटकापाशी त्यांनी एकदाच वळून हॉलकडे पाहिलं. वाटलं, रडू द्यावं एकटीला."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राजदीप सर मूळचे वडसाचे. हिवाळ्यात तिथल्या झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीचं कामही तेच बघत. आवाज असा की शेवटच्या रांगेलाही रडू यावं.

संघप्रिया खाली बसली. रोशनी कानात कुजबुजली, "दोन प्लेट पक्क्या!"

पण संघप्रियाच्या मनात काहीतरी खुपलं होतं. काय, ते तिला सांगता येईना.

*

झालं होतं ते असं.

विदर्भाच्या लीगमध्ये माजरीचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. गाठ वडसाशी होती. आणि मॅचच्या तोंडावर माजरीची हुकमी खेळाडू चंचल अदलाबदलीत वडसाला गेली. तिच्या बदल्यात आली रंजीता, आधीच गुडघा दुखावलेली. दुसऱ्याच क्वार्टरमध्ये रंजीता कोसळली. निकेश सर तिला घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेले ते दुसऱ्या दिवशीच परतले. चंचलनं एकटीनं माजरीला लोळवलं.

"चंचलले रुखमानंच हाकललं," असं गावभर झालं. मॅडम कोणालाच काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रूभाऊ शेळ्या घेऊन बंद पडलेल्या खाणीकडे गेले. तिथल्या खोल खड्ड्यात बारा महिने पाणी असतं. काठावर मॅडमचे पांढरे जोडे नीट जोडून ठेवलेले होते. पत्रूभाऊंनी हात न लावता फोटो काढला आणि पोलिसांना फोन केला. फोटो माजरीच्या प्रत्येक मोबाइलवर फिरला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम सापडल्या. जवळच एक निळी रबरी चप्पल तरंगत होती. त्या पाण्यात बाटल्या, टायर, प्लास्टिकच्या पन्न्या सगळंच तरंगतं. चप्पल पोलिसांनी उचलून ठेवली खरी, पण गावात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"हारली म्हणून जीव देला," लोक म्हणाले. कॉलनीतल्या आयांनी मॅडमकडे शिकणाऱ्या लहान-मोठ्या पोरींचा खेळ बंद केला. संघप्रियाच्या बाबांनी, देवाजींनी, तिचा बॉल माळ्यावर टाकला. ते खाणीत डंपर चालवत. "असा खेळ आपल्याले नाई पाहिजे," एवढंच म्हणाले.

*

"प्रिये! हे काय करून ठेवलं वं?"

सकाळी सकाळी आई, चंदाबाई, दारात उभी. हातात संघप्रियाचे शाळेचे पांढरे मोजे. पांढरे कसले, काळेकुट्ट.

"रातभर तारीवर ठेवले? माजरीत राहते का पुण्यात? किती डाव सांगू, पांढरं घरात वाळवाचं!"

रेल्वेच्या सायडिंगवर कोळशाच्या वॅगन रात्रंदिवस भरतात. कोळशाची भुकटी उडते, थंडीत दवात भिजते आणि जिथं बसते तिथं चिकटते. हे माजरीत जन्मलेल्या लेकराला सांगावं लागत नाही.

संघप्रिया मोज्यांकडे बघतच राहिली.

"आई, तुझा फोन दे."

"काऊन?"

"दे ना वं!"

तिनं पत्रूभाऊंचा तो फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. काठावर मॅडमचे जोडे पांढरेशुभ्र होते. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. रडत रडत, पुढं पाठवत, पाहिलं होतं.

तिनं आईच्या हातातले मोजे घेऊन फोनशेजारी धरले.

*

निकेश सर हॉलमध्ये एकटेच बॉलमध्ये हवा भरत होते. संघप्रियाने दाराशी चपला काढल्या. हा मॅडमचा नियम होता. कोर्टचे जोडे पिशवीत आणायचे, आत घालायचे, आतच काढायचे. तळव्याला भुकटी लागली की पाय घसरतो.

"सर, मॅडमचे जोडे कुठी राहायचे?"

"कपाटात. तुले माहीत नाई का?"

"किल्ली कोणापाशी?"

"एक मॅडमपाशी होती. एक राजदीप सरांपाशी." त्यांनी मान वर केली. "तू पोलीस झाली का?"

"आणि तुमच्यापाशी?"

"नाई. मले मागावी लागे." ते चिडले. "माह्यावर शक आहे तुहा? मॅडमच्या जागेवर बसतो म्हणून?"

"मॅच झाल्यावर तुम्ही कुठी होते?"

"रंजीतापाशी, दवाखान्यात. तिच्या मायले विचार. रातभर तिच्या उशाशी बसलो." मग आवाज खाली आला. "एक सांगतो. मी कोरपनाच्या टीमशी बोलून राह्यलो होतो. कोच म्हणून जाणार होतो तिकडं. मॅडमलेच सांगितलं नव्हतं. ते मनाले लागते. बाकी काई नाई."

संघप्रियाला वाटलं, या माणसाला खोटं नीट बोलताही येणार नाही.

"सर, मॅडम कधी कोर्टचे जोडे घालून बाहेर गेल्या?"

निकेश सरांच्या हातातला पंप थांबला.

"कधीच नाई," ते हळूच म्हणाले.

*

चंचलनं फोन उचलला तो रडवेल्या आवाजात.

"ताई, तुले वडसाले कोणी पाठवलं?"

"मॅडमनं. राजदीप सर म्हणले, मॅडमले तू नको आहेस."

"मॅडमनं स्वतः सांगितलं?"

"नाई. मॅच झाल्यावर बसमधून मीच फोन केला. खूप बोलली मी त्याह्यले. म्हणलं, मले काढलं, आता भोगा." तिला हुंदका आला. "तर त्या म्हणल्या, राजदीप तर म्हणे तूच जातो म्हणली. मग म्हणल्या, थांब, आत्ता त्यालेच विचारतो. अन् फोन ठेवला."

"हे कोणाले सांगितलं नाई तू?"

"काय सांगू वं? मले वाटलं माह्याच फोनानं त्याह्यनं जीव देला!"

*

पीएसआय बुधरी मडावी एटापल्लीकडच्या. मोजकं बोलणाऱ्या, पण ऐकून घेणाऱ्या. संघप्रियानं आणि रोशनीनं एका दमात सगळं सांगितलं. बुधरी मॅडम उठल्या. पुराव्याच्या पिशवीतले जोडे त्यांनी उलटे केले.

तळवे स्वच्छ होते.

"खड्ड्याकडचा रस्ता कसा आहे, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"टँकर रोज पाणी मारते. काळा चिखल असते," रोशनी म्हणाली.

"कोणी पुसून ठेवले असले तर?"

"जीव देणारा माणूस जोडे पुसंल का मॅडम?" संघप्रिया म्हणाली. "अन् पुसले तरी, रातभर तिथं राहून पांढरे राहतीन का? पाहिजे तर माहे ठेवून पाहा."

"मग तू काय घालून खेळशील?"

"बाबांनं बॉल माळ्यावर टाकला," ती म्हणाली. "तसेही पडूनच आहेत."

तिचे एकुलते एक पांढरे जोडे त्या संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर ठेवले गेले. त्याच जागी, तसेच जोडून. एक शिपाई लक्ष ठेवायला होता.

सकाळी संघप्रियानं ते उचलले तेव्हा बोटं काळी झाली.

*

सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये बोलावलं. कोचच्या निवडीचं काहीतरी असेल, असं लोकांना वाटलं. बुधरी मॅडम कोर्टच्या मधोमध उभ्या होत्या.

"राजदीपजी, रुखमा मॅडम शेवटच्या दिसल्या, तेव्हा त्यांच्या पायात काय होतं?"

"पांढरे जोडे. जबाबात सांगितलं की."

"नक्की? संध्याकाळच्या उजेडात?"

"डोळ्यांसमोर आहेत अजून."

"बोल," बुधरी मॅडम संघप्रियाला म्हणाल्या.

ती उठून उभी राहिली. पुटपुटली नाही.

"मॅडम कोर्टचे जोडे घालून कधी उंबरठा ओलांडत नव्हत्या. आम्ही ओलांडला तर हॉलला चकरा मारायला लावत. बाहेर त्या निळी रबरी चप्पल घालत. ती चप्पल पाण्यात सापडली. एका माणसाच्या पायात दोन दोन जोड्या असतात का, सर?"

राजदीप हसला. "चप्पल कोणाची पण असेल."

"आता हे पाहा." तिनं आपले काळे पडलेले जोडे वर धरले. "एक रात काठावर होते. मॅडमचे जोडे संध्याकाळपासून तिथं असते तर असेच झाले असते. पत्रूभाऊंच्या फोटोत ते पांढरे आहेत. म्हणजे ते सकाळी ठेवले. मॅडम तर रात्रीच पाण्यात होत्या, डॉक्टरांच्या अहवालात आहे. मग ठेवले कोणी? जोडे कपाटात होते. एक किल्ली मॅडमपाशी होती, ती पोलिसांना त्यांच्या कपड्यांत सापडली. दुसरी तुमच्यापाशी आहे."

"निकेशलाही द्यायचो मी किल्ली!"

"निकेश सर चंद्रपूरला होते. रंजीताची आई शेजारीच बसली होती." ती एक पाऊल पुढं गेली. "माजरीच्या माणसानं हे केलं असतं तर जोडे रात्रीच ठेवले असते, नाहीतर काळे करून ठेवले असते. खेळणाऱ्या माणसानं ते जोडे बाहेर नेलेच नसते. तुम्ही तर म्हणता, मॅडमनं फाटकापाशी वळून पाहिलं. सर, मामाच्या गावी मीपण झाडीपट्टीची नाटकं पाहिली. त्यातच नायिका असं वळून बघते. त्यातच विहिरीच्या काठी चपला नीट जोडून ठेवते. हे तुम्ही पाहिलं नाही. बसवलं."



"काऊन रे?" पत्रूभाऊ मागून ओरडले. "काय बिघडवलं होतं तिनं तुह्यं?"

उत्तर बुधरी मॅडमनी दिलं. "वडसात चौकशी केली. पुढच्या हंगामात तिथला संघ यांच्या हाती येणार होता. आधी चंचलला तिकडं पोहोचवायची होती. मॅडमला सांगितलं, चंचलच जाते म्हणते. चंचलला सांगितलं, मॅडमलाच तू नको. दोघी एकमेकींवर रुसून गप्प बसल्या. त्या संध्याकाळी चंचलचा फोन आला आणि खोटं उघडं पडलं. मॅडम रोज संध्याकाळी खड्ड्याकडे फिरायला जात. हे मागे गेले."

राजदीपचा तो भरदार आवाज आता पार चिरकला होता.

"सकाळीच लीगवाल्यांना सांगते म्हणाली. हात जोडले मी. ऐकेचना. एकदाच ढकललं." तो खाली बसला. "वाटलं पोहून वर येईल."

"आली नाई ना?" निकेश सर म्हणाले. "मग ओरडला काऊन नाई तू?"

 शिपायांनी त्याला उठवलं. जाताना दाराशी लावलेल्या चपलांमध्ये त्याचा पाय अडखळला.

कोणी टाळी वाजवली नाही. मॅडमची म्हातारी आई भिंतीशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माही पोरगी हारून नाई मेली." मग तिनं पदर तोंडात धरला.

*

घरी आल्यावर संघप्रियानं मोरीत जोडे घासायला घेतले. काळं पाणी वाहत राहिलं. देवाजी दारात येऊन उभे राहिले. मागे चंदाबाई.

"झालं ते झालं," देवाजी म्हणाले. "आता साक्ष-बिक्ष आपलं काम नोहे. त्याची माणसं आहेत. अन् कोचपण नाई राह्यला. निकेश चालला कोरपनाले."

"थांबतो म्हणाले. पण फक्त मोठ्या टीमसाठी."

"मग तुमच्या पोरीसोरींचं काय?"

"तेच सांगाचं आहे." तिनं जोडे घरातल्या दोरीवर टांगले, बाहेरच्या तारेवर नाही. हात फ्रॉकलाच पुसले. बाबासाहेबांच्या फोटोशेजारून शिडी ओढली, माळ्यावर चढली आणि बॉल काखेत घेऊन खाली उतरली. बॉलवर धूळ बसली होती.

"बाबा, मी साक्ष देणार आहे. अन् उद्या सकाळपासून लहान पोरींची प्रॅक्टिस मी घेणार आहे, नवा कोच भेटेपर्यंत. रोशनी घरोघरी सांगायला गेलीपण." तिचा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला. "मी विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली."