शेवंतीला सकाळी बघायला हवं

“हलू नकोस रे! माझी मोजणी चुकतेय!” पौर्णिमा पुटपुटली.

“श्वास घोडीचे मोजतेस ना? मग मी हललो तर काय बिघडलं?” प्रबुद्ध म्हणाला.

“तू मधे आलास की तिची कूस दिसत नाही!”

प्रबुद्ध बाजूला झाला. पौर्णिमाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घोडीची कूस एकदा फुगून खाली गेली की एक श्वास.

शिळफाट्याच्या बाजारामागे सहदेवचा तबेला होता. तिथे आंब्याच्या सावलीत शेवंती उभी होती. तांबूस रंग, कपाळावर पांढरा पट्टा, डोळे अर्धे मिटलेले. मागचा एक पाय तिने सैल सोडला होता. रूपेशकाका तिच्याभोवती तिसरी फेरी मारत होते.

“किती गरीब आहे हो!” काका म्हणाले. “मघापासून कानसुद्धा हलवला नाही!”

“मंग! लहान पोरगं पोटाखालून गेलं तरी पाय उचलायची नाय,” सहदेव म्हणाला. “तुमी बिनघोर न्या.”

रूपेशकाकांनी कंपनीतली नोकरी सोडून खालापूरजवळच्या आपल्या शेतावर सहलींसाठी छोटंसं केंद्र उभारलं होतं. येत्या रविवारी कर्जतच्या एका शाळेची चाळीस मुलं येणार होती, शेतावरची पहिलीच सहल! मुलांना घोड्यावरून फेरी मारायची, हे काकांनी ठरवून टाकलं होतं. आणि सगळ्यात आधी घोडीवर बसणार होती त्यांची सहा वर्षांची आरोही. गेले चार दिवस ती घरातल्या लोडावर बसून सराव करत होती.

पौर्णिमा आणि प्रबुद्ध ही काकांची पुतणी आणि पुतण्या. राहायला कर्जतला, पण दिवाळीची सुट्टी म्हणजे काकांचं शेत, हे ठरलेलंच. पौर्णिमा आठवीत, प्रबुद्ध सहावीत. शेजारची ऋतिका सातवीत. तिच्या बाबांचा टेंपो होता, आणि शनिवारी घोडी त्यातूनच आणायची होती.

“अडतीस!” पौर्णिमा म्हणाली आणि वहीत लिहिलं.

“जास्त आहेत?” ऋतिकाने विचारलं.

“खूपच! विज्ञान प्रदर्शनासाठी मी जनावरांचे श्वास मोजले होते ना, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नुसता उभा असलेला घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो.”

“आजारी असेल.”

“थांब. पाच मिनिटांनी पुन्हा मोजते.”

पाच मिनिटांनी एकतीस आले. आणखी पाच मिनिटांनी सव्वीस.

“आजारी असती तर आकडा असा भराभर उतरला नसता,” पौर्णिमा हळूच म्हणाली. “ही आत्ताच खूप पळून आलीय. दमलीय ती!”

“पण अंग तर धुतलेलं आहे. घाम असेल तर कळणार कसा?” ऋतिका म्हणाली.

प्रबुद्धने शेवंतीच्या पोटाखाली, खोगिराचा पट्टा आवळतात तिथे, बोट फिरवलं आणि सरळ तोंडात घातलं.

“शी!” दोघी एकदम म्हणाल्या.

“खारट!” प्रबुद्धने जाहीर केलं. “पाण्याने धुतलंय, पण इथलं राहिलंय!”

तेवढ्यात सहदेवचा आवाज आला. “शनवारी चारलाच या बरं का, रूपेशदादा. सकाळी नको. सकाळी तिची तबेत जरा वेगळी असतीया.”

“चालेल की!” काका म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरी परतताना पौर्णिमाने काकांना सगळे आकडे वाचून दाखवले. काका हसले. “अगं, जनावर आहे. थोडं फिरवलं असेल त्याने. मी स्वतः अर्धा तास बघितली तिला. एवढी शांत घोडी शोधून सापडणार नाही!”

“काका, एक विचारू?” ऋतिका म्हणाली. “सहदेवदादा घोडी वरातीला देतात ना? आता तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतील. मग आत्ताच घोडी का विकतायत?”

काकांनी हात झटकला. “असेल त्याची काही अडचण,” ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

रात्री जेवताना प्रबुद्ध म्हणाला, “सकाळी नको म्हणाले ना? म्हणजे आपण सकाळीच जायचं!”

उज्वलाकाकींनी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं होतं. “जा,” त्या म्हणाल्या. “पण माझा फोन बरोबर न्या, दहाच्या आत परत या, आणि घोडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. आरोहीला बसवायची आहे त्या घोडीवर. मलाही कळू दे ती कशी आहे.”

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिघं सहा आसनी रिक्षातून शिळफाट्याला उतरली. तबेल्यात सहदेव नव्हता. त्याची आई, चंद्राबाई, घमेल्यात भिजवलेले चणे कालवत होत्या. पलीकडे लांब दोरीला शेवंती बांधलेली होती.

पण ही कालची शेवंती होती का? तिची मान ताठ होती, कान सतत फिरत होते. रस्त्यावर ट्रकने हॉर्न दिला तशी ती जागच्या जागी गर्रकन वळली आणि खूर आपटू लागली.

“श्वास बारा,” पौर्णिमाने दुरूनच मोजून सांगितलं. “ही तिची खरी, न दमलेली अवस्था!”

“कोण रं पोरांनो?” चंद्राबाईंनी विचारलं. “काल आलेली तीच ना तुमी? बसा, बसा. आमच्या शेवंतीला बगाया आलात?”

“हो आजी,” ऋतिका म्हणाली. “काल ती किती झोपाळू दिसत होती, आणि आज...”

“आगं, काल दोन तास नदीच्या वाळूत पळवली व्हती तिला! गिऱ्हाईक यायच्या आधी जनावर फिरवून आणायचं, ह्यो रिवाजच हाय आमच्यात. माजा सासराबी तसंच करायचा. पावणा घरी यायच्या आधी आपुन अंगण झाडतो का नाय? तसंच!”

चंद्राबाई हे अगदी सहज बोलल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं!

“पण आजी, मग घेणाऱ्याला तिचा स्वभाव कसा कळणार?” पौर्णिमाने विचारलं.

“सोभाव? आगं, गुणाची हाय! कुणाला चावत नाय, लाथ मारत नाय. आन् नाचती कशी ते बगितलं नाय तुमी! थांबा.”

चंद्राबाईंनी घमेलं रिकामं केलं, उलटं केलं आणि त्यावर दोन्ही हातांनी ताशाचा ठेका धरला. तडतड-तड, तडतड-तड!

शेवंतीने मान वाकवली. मग पुढचे पाय एकामागून एक उंच उचलले, अगदी ठेक्यावर! ती जागेवर गोल फिरली. ठेका वाढला तशी मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि पुढचे खूर हवेत हलवू लागली!

“वा!” प्रबुद्धने टाळ्या वाजवल्या. “काय भारी!”

पौर्णिमानेही टाळी वाजवायला हात उचलले होते. ते तसेच राहिले. शेवंतीची पाठ आता घसरगुंडीसारखी उभी झाली होती. त्या पाठीवर तिला आरोही दिसली.

“आजी, ठेका थांबवला की ती लगेच थांबते?”

चंद्राबाईंचे हात थांबले. शेवंती नाचतच राहिली. निदान पाऊण मिनिट.

“नाय थांबत गं लवकर,” चंद्राबाई जरा पडलेल्या आवाजात म्हणाल्या. “औंदा उन्हाळ्यात एक नवरदेव पडला तिच्यावरनं. हात मोडला बिचाऱ्याचा. तवापासनं वरातीला कुणी मागत नाय तिला. तिची चूक नाय वो. शिकवलं आमी, ती तेच करती.”

परतताना रिक्षात प्रबुद्ध म्हणाला, “काकांना सांगू, झालं!”

पण ते एवढं सोपं नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहदेवला फोन लावला. फोन ठेवल्यावर म्हणाले, “तो म्हणतो, वरातीची घोडी आहे, चार पावलं टाकणारच. म्हातारीला कौतुक फार! आणि आपल्या शेतावर कुठे वरात निघतेय? पोरांनो, मी डोळ्यांनी बघितलीय घोडी. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास आहे.”

“पण काका, तुम्ही दमलेली घोडी बघितलीत!”

“पुरे, पौर्णिमा. शाळेचे फोन यायला लागलेत. उद्या चार वाजता घोडी आणायची.”

तिघं अंगणात पेंढ्याच्या भाऱ्यावर जाऊन बसली.

“काका डोळ्यांवर विश्वास ठेवतात ना?” थोड्या वेळाने पौर्णिमा म्हणाली. “मग त्यांच्या डोळ्यांना सकाळची शेवंती दाखवायची.”

“कशी दाखवणार? चार म्हणजे चार!”

ऋतिका एकदम उठून उभी राहिली. “टेंपो कुणाचा आहे?”

“तुझ्या बाबांचा.”

“आणि उद्या बाबांना कर्जतला पेंढा पोचवायचाय. सकाळी जाणार होते. मी सांगते, दुपारी जा! मग टेंपो सकाळीच रिकामा!”

“ऋतिका, तू महान आहेस!” प्रबुद्ध ओरडला.

“हळू! काका ऐकतील!”

शनिवारी सकाळी पावणेसातला काका चहाचा कप हातात घेऊन टेंपोकडे बघत उभे होते. “आत्ता? अहो, चारला ठरलं होतं!” ते म्हणाले. ऋतिकाचे बाबा म्हणाले, “दुपारी मी कर्जतला. आत्ता चला, नाहीतर सोमवारी.” काकांनी चहा गटकन संपवला.

टेंपोत मागे तिघं होतीच, आणि एक पोतंही होतं.

“यात काय आहे?” काकांनी विचारलं.

“भात. अठरा किलो,” पौर्णिमा म्हणाली. “आरोहीचं वजन अठरा आहे. तिला बसवायच्या आधी तिच्याएवढं वजन बसवून बघायचं. चालेल ना?”

काका हसले. “वैज्ञानिक बाई, चालेल!”

टेंपो तबेल्यासमोर थांबला तेव्हा सहदेव दात घासत होता. त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. “आत्ता? फोन तरी करायचा, दादा! घोडी... घोडी अजून तयार नाय!”

“तयार कशाला हवी? न्यायची तर आहे,” काका म्हणाले आणि शेवंतीकडे वळले. जवळून एक मोटारसायकल गेली. शेवंती फुरफुरली आणि झटक्यात बाजूला उडाली. काका दोन पावलं मागे आले.

“ही तीच घोडी आहे ना?” त्यांनी विचारलं.

सहदेवने नुसती मान डोलावली. मग त्याने खोगीर चढवलं. पौर्णिमाने पोतं खोगिरावर ठेवायला सांगितलं आणि ते एका सुतळीने सैलसर बांधून घेतलं. “आरोहीचे हात जेवढं धरतील तेवढंच. जास्त आवळायचं नाही.”

सहदेवने लगाम धरून शेवंतीला चालवलं. एक फेरी झाली, मग दुसरी. पोतं जागेवर होतं.

“बगा!” सहदेवचा चेहरा खुलला.

“काका,” पौर्णिमा म्हणाली, “रविवारी मुलांचं स्वागत कसं करणार आपण?”

“लेझीम आणि ताशा. गावातली पोरं बसवतायत ना...” काकांचं वाक्य अर्धवट राहिलं.

प्रबुद्धने पिशवीतून स्टीलचं ताट काढलं आणि ठेका धरला. तडतड-तड!

शेवंतीने मान वाकवली. एक पाय उचलला, मग दुसरा.

“आरं, नगं वाजवू!” सहदेव ओरडला. प्रबुद्ध लगेच थांबला. पण शेवंती थांबली नाही. ती गोल फिरली. सहदेवने लगाम खेचला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. सुतळी तटकन तुटली आणि पोतं धप्पकन दगडांवर आदळून फाटलं. भात चहूकडे पसरला. शेवंतीचे खूर खाली आले ते नेमके त्या भातावर.

काका खाली बसले. त्यांनी मूठभर भात उचलला आणि कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिले.

“अठरा किलो,” ते म्हणाले.

सहदेव जवळ आला. “दादा, मनात पाप नव्हतं. शेतावर ताशा कुठला, असं वाटलं. आन् दमवून तर सगळेच दाखवतात.”

“मला ठाऊक आहे, तू वाईट नाहीस,” काका उठत म्हणाले. “पण नवरदेवाचा हात मोडला, हे मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. आणि माझंही चुकलं. लेकरांनी आकड्यांनिशी सांगितलं, आणि मी माझ्या डोळ्यांचा तोरा मिरवत बसलो.”

चंद्राबाई शेवंतीची मान थोपटत होत्या. “राहू द्या हितंच तिला. नाचंल, पन पाठीवर कुणी बसायचं नाय. सहदेवा, ऐकलंस?” मग त्या पौर्णिमाकडे वळल्या. “पोरी, माज्या सासऱ्याला जे सुचलं नाय ते तुला सुचलं गं!”

टेंपो रिकामाच परतला. फाटकात आरोही नवा फ्रॉक घालून उभी होती. “घोडी कुठाय?” तिने विचारलं आणि भोकाड पसरलं.

काकांनी तिला उचलून घट्ट धरलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. “ती घोडी छान आहे, पण तुझ्यासाठी नाही. तिने तुला पाडलं असतं. आणि हे तुझ्या पप्पांना नाही कळलं, या तिघांना कळलं.”

काकींनी तिघांच्या ताटात आधी वाढलं. काकांना शेवटी.

रविवारची सहल झाली. मुलांनी भात झोडला, ओढ्यात पाय बुडवले, लेझीम खेळले. घोडा नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी काकांचा फोन वाजला. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन पौर्णिमाकडे दिला. “सहदेव आहे. त्याला तुझ्याशीच बोलायचंय.”

“ताई,” पलीकडून सहदेव म्हणाला, “माज्या ओळखीच्याकडं एक घोडा हाय. वय झालंय जरा, पन पोरांच्या फेऱ्याच मारायचा आजपातुर. आधी काय पळवणार नाय, शपथ! कवा येता बगायला?”

पौर्णिमाने वहीचं नवं पान उघडलं.

“सकाळी येतो,” ती म्हणाली. “मग दुपारी. आणि संध्याकाळी पुन्हा एकदा!”