निळ्या दाराची गाडी

रात्रभर नूलाला झोप लागली नाही, ती चार बोटांच्या फटीपायी. गाडीच्या मागच्या उजव्या खिडकीची काच तेवढी उघडीच राहायची. आणि नेमकी तिथेच तिची चार वर्षांची लेक टिली बसणार होती. त्या फटीतून काय काय आत येईल याची यादी नूला पहाटेपर्यंत करत होती. बाहेर काय जाईल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

गाडी धाकट्या बहिणीची, डर्वलाची. ती आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात वर्षभराच्या व्हिसावर आली होती; काम करायचं आणि भटकायचं. सहा वर्षांपूर्वी नूलाही अशीच आली आणि इथलीच झाली. मोहरीच्या फुलांसारखी पिवळी ही गाडी सात भटक्यांच्या हातांतून उतरत आलेली. मागे गादी, टपावर टायर, आणि भंगारातून आणून बसवलेलं एक निळं दार. कॅथरीन गावाजवळच्या आंब्याच्या बागेत दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर व्हायचं होतं. शेतातले अठ्ठ्याऐंशी दिवस भरले, तरच डर्वलाला इथे दुसरं वर्ष मिळणार. डर्वला गाडी कशी हाकते ते माहीत असल्याने नूला टिलीला घेऊन सोबत निघाली आणि स्टिअरिंग स्वतःच धरलं.

रस्ता सरळसोट, ओसाड. इकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तोच रामराम. टिली बोटं मोजत होती.

दुपारी समोरून तशीच पिवळी गाडी आली. दार निळं.

"अगं ताई, आपली जुळी!" डर्वला ओरडली.

काचेवर ऊन होतं, चेहरा दिसला नाही. एक बोट तेवढं उचललं गेलं. नूलानेही उचललं.

तासाभराने तीच गाडी. पुन्हा समोरूनच. एक दिवा फुटलेला. फटीतून जळक्या रबराचा वास आला.

"ताई... हीच ना मघाची?"

"भंगारवाल्याकडे निळी दारं स्वस्त असतील," नूला म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच पटला नाही.

सूर्य टेकला तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. बॉनेट चेपलेलं, पुढच्या काचेवर तड्यांचं जाळं. इंजिनाचा आवाज मात्र नव्हता... शेजारून गेली तरी नव्हता. आणि ते बोट या वेळी खाली आलंच नाही.

रस्त्याकडेचा विसाव्याचा पहिला थांबा दिसताच नूलाने गाडी आत घातली. "इथेच मुक्काम."

"माझी नोकरी जाईल, भित्री भागूबाई! त्या बागेत उशीर झाला की जागा दुसऱ्याला!"

"जाऊ दे. जीव असला तर आंबे."

"आई झाल्यापासून तुझं डोकं फिरलंय!"

नूलालाही तसंच वाटत होतं. तिने चहासाठी स्टोव्ह पेटवला. काडी विझते न विझते तोच जमीन धपधपू लागली. पुढे दूर रस्त्यावर, अंधुक उजेडात, कांगारूंचा कळप रस्ता ओलांडत होता... तीस, चाळीस, संपतच नव्हता. थांबल्या नसत्या तर आत्ता त्या तिघी तिथेच असत्या.

डर्वलाने गाडीतून कप काढून आणले. मग म्हणाली, "ताई, चहात साखर जरा जास्त घाल."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या बागेत पोचल्या. मुकादम झाडाखाली जांभया देत बसला होता.

"एवढी घाई कसली? आंबा अजून कच्चा आहे. परवापासून या."

डर्वलाने त्याला मिठीच मारली, मग नूलाला. नूला तर इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. हसतहसतच तिने टिलीला खाली उतरवायला उचललं. एका पायात सँडल नव्हती. सीटखाली, गादीखाली, कुठेच नव्हती.

"बाळा, सँडल कुठे टाकलीस?"

टिलीने फटीकडे बोट दाखवलं.

"टाकली नाही काही. त्या गाडीतल्या टिलीला दिली. तिच्या एकाच पायात होती."