संध्याकाळचे एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट

खरं तर शिरढोणची ती तक्रार गणूच्या वाट्याची. पण गणूची बाइक ऐन वेळी रुसून बसली आणि गिझर कंपनीच्या पनवेल सेंटरमधली एकुलती एक मुलगी, अनुया, स्कूटी घेऊन निघाली. नव्या बंगल्याच्या दारात निकेश उभा होता. त्याने आधी तिच्या खांद्यावरची टूलबॅग पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा टूलबॅगेकडे.

"मेकॅनिक... तुमी?"

"का? तुमचा गिझर घाबरतो का बायकांना?"

"गिझरचं माहीत नाय," तो हसत बाजूला झाला. "आमी घाबरलो."

अनुयाला मोजताना मोठ्याने बोलायची खोड होती. "दोनशे तीस व्होल्ट. आठ पूर्णांक सात अँपिअर. भागले की सव्वीस ओहम, कॉइल उत्तम. गुणले की दोन हजार वॅट. डब्यावर छापलेत तेवढेच! ठणठणीत आहे हो."

"मंग पानी का तापत नाय गो पोरी?" निकेशची आई हौसा भिंतीला धरून उभी होती. "गुडघं शेकायला घेतंय, तर नुसतं कोमट."

"तापेल, मावशी. जरा जास्त वेळ लावून ठेवा."

आठवड्याने तीच तक्रार पुन्हा आली. या वेळी तिने ती गणूच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. मग तिसरी आली, मग चौथी. दर वेळी सकाळचे अकरा, दर वेळी तेच दोनशे तीस, आणि लख्ख उजेडात बॅटरी धरून उभा असलेला निकेश. आता यात न कळण्यासारखं काय होतं? अनुयाला सगळं कळत होतं आणि ते तिला फार आवडत होतं.

"कॉइलचा रेझिस्टन्स कमी झाला तर काय होतं?" त्याने एकदा विचारलं.

"करंट वाढतो."

"मग आमचा पार संपला वाटतं..."

ती हसली, आणि तिच्या हातातला स्क्रू निसटून बादलीत पडला.

चौथ्या फेरीला तो फाटकापर्यंत आला. "एकदा संध्याकाळी या ना. सात वाजता. मग बघा तुमी—"

अनुयाचे कान तापले. मुलींची ड्युटी पाचला संपते, हे याला ठाऊक नव्हतं थोडंच! "सातला कशाला, ते कळतं मला," ती लटक्या रागाने म्हणाली.

"अवो, तसं नाय, ऐका तरी—"

पण स्कूटी वळली होती. वाटभर ती स्वतःशीच हसत होती.

सेंटरवर मात्र उदयसिंह सर तिचीच वाट पाहत होते. "चार फेऱ्या आणि दोष शून्य? ग्राहक खोटारडा आहे, की तुलाच तिकडे जायला आवडतं?" सगळ्यांच्या माना वळल्या. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. तिने खाली मान घालून कंपनीच्या अ‍ॅपवर तक्रार बंद करायचं कारण निवडलं, 'तक्रार खोटी'. आता फक्त ग्राहकाचा ओटीपी हवा होता. तिने निकेशला फोन लावला.

"आलाय का हो नंबर?"

"आलाय. कशाचा?"

"द्या ना."

"तुमी मागितला तर देणारच. चार, नऊ, एक, सहा." त्याने पुढे काही विचारलंच नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

शिरढोणची तक्रार पुन्हा आली नाही. अनुया कायम झाली. तिने पेढे वाटले, पण तिला स्वतःला एकही खाववला नाही. दोन महिने गेले. मग एक दिवस गणू त्याच भागातून परतला आणि डबा उघडता उघडता म्हणाला, "संध्याकाळी पंप सुरू झाले की तिकडे व्होल्टेज पार झोपतं. गिझर बिचारा काय करणार?"

तिच्या हातातला घास तसाच राहिला. त्याच दिवशी सातला ती बंगल्याच्या दारात होती.

गॅसवर पाण्याचं पातेलं होतं. हौसाने काही न विचारता तिला आत घेतलं. मीटरवर एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट. सात अँपिअर. कॉइल तीच, सव्वीस ओहम. गुणाकार मात्र जेमतेम तेराशेच्या आत. दोन हजारांतले सातशे वॅट रोज संध्याकाळी या घरातून नाहीसे होत होते. आज अनुया मोठ्याने काहीच बोलली नाही.

"गुडघं माजं," हौसा हळूच म्हणाली, "आनि खोटा ठरला माजा पोरगा. नारळ घेऊन तुज्या घरी येनार होती मी... मग 'तक्रार खोटी' असा मेसेज आला. परवा साखरपुडा हाय त्याचा. चिरनेरची पोरगी हाय."

तेवढ्यात निकेश आला आणि दारातच थबकला.

"मला वाटलं, मला बघायलाच बोलावता तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

"बोलवत होतोच की. पण आईचे गुडघे पण दुखत होते." त्याने नजर वळवली. "दोन्ही खरं होतं, अनुया."

तो पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारत होता. तिला रडू फुटलं. तिचं प्रेम होतं त्याच्यावर, आणि हे तिने त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. परवा साखरपुडा असताना सांगायचा तिला आता हक्कही नव्हता.

तिने डोळे पुसले आणि फोन काढला. "मी तक्रार पुन्हा उघडलीय. तुम्हाला नंबर येईल."

त्याचा मोबाइल वाजला. त्याने स्क्रीन पाहिली, पण आकडे सांगितले नाहीत. "आधी काय लिवलंय ते वाचून दाखवा."

तिने वाचलं. "तक्रार खरी. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, ग्राहकाला स्टॅबिलायझर लागेल. आधीच्या चारही तपासण्या चुकीच्या वेळी झाल्या. चूक कर्मचाऱ्याची."

"नोकरी?"

"बघू."

त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग एकेक आकडा सावकाश सांगितला. "सात... दोन... आठ... पाच."

तिने शेवटचा आकडा दाबला, टूलबॅग उचलली आणि बाहेर आली. स्कूटी सुरू करताना तिने मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. उघड्या खिडकीतून दिसत होतं, निकेश दोन्ही हातांत फडकं धरून गॅसवरचं पातेलं आईसाठी आत नेत होता.