खंडाळ्यातली पोवळी

शिडीवरच्या माणसानं छताला भोक पाडायला घेतलं आणि चुन्याची भुकटी थेट काचेच्या टाकीत पडायला निघाली. कस्तुरानं धावत येऊन डोक्यावरचा पदर टाकीच्या तोंडावर पसरला आणि वर न बघताच विचारलं, "डोळं घरी ठेवून आलात काय?"

"आणलेत की," वरून आवाज आला. "पण खाली बघितलं तर शिडीवरून पडेन… असं वाटतंय."

मग तिनं वर बघितलं. केसांत चुना, कानामागं पेन्सिल. लोणावळ्याचा वायरमन, हनुमंत. हसू आलेलं तिनं दाबलं आणि पदर तसाच धरून उभी राहिली, भोक पाडून होईस्तोवर. हात अवघडले, पण एक कण तिनं पाण्यात पडू दिला नाही.

कस्तुराचे वडील कोंडाजी, तिचे आबा, त्या बंगल्याचे राखणदार. मालकीण मुंबईची, आणि तिला डोंगरावर समुद्र हवा होता. म्हणून दिवाणखान्यात ही टाकी. आत जिवंत पोवळी, नारिंगी मासे, काही झिंगे, काही गोगलगायी. पाणी मुंबईच्या समुद्राचं. काचेच्या बुधल्यांत भरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ते गाडीनं यायचं. कस्तुराच्या गावी, कुरवंड्यात, उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी अर्धा डोंगर उतरायच्या, आणि हितं माशांचं पाणी गाडीत बसून येत होतं. बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पोवळ्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं? दगडासारखी दिसायची, आणि उजेड पडला की त्यांची बारीक बोटं बाहेर यायची. ती बघत बसायची.

मालकिणीनं जाताना सांगून ठेवलं होतं. पोवळी मेली तर राखणदार बदलेन. बंगल्यामागची ती एक खोली गेली की या कुटुंबाला कुरवंड्याचं गळकं घर, आणि कोंडाजींच्या दम्याला तिथली ओल. श्रावणात खंडाळ्याला ऊन म्हणून दिसत नाही. धुकं खिडकीतून आत येतं आणि खुर्चीवर बसतं. पोवळ्यांना तर उजेड हवा. म्हणून मालकिणीनं टाकीवर ट्यूबा लावायला सांगितल्या होत्या.

ट्यूबा लागल्या. काम संपलं. तरी हनुमंत येतच राहिला. कधी म्हणे हवेचा पंप नीट बुडबुडे सोडतो का बघायचंय, कधी म्हणे विजेचा दाब कमी झालाय. पाण्यात मिठाचं माप दाखवणारी काचेची नळी तरंगायची, तिच्यावरची रेघ बघायला दोघं एकदमच वाकायचे.

"रेघ माझ्याकडनं नीट दिसत नाही," तो म्हणायचा.

"मग हिकडनं बघा… पर पाण्याकडं बघा."

आणि एका सकाळी पोवळ्यांची बोटं बाहेर आलीच नाहीत. झिंगे उलटे पडलेले. दुसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून खाली. कोंडाजी म्हणाले, त्या ट्यूबांनी भाजलं. कस्तुराला दुसरं काही सुचेना. हनुमंत आल्याआल्या तिनं त्याला उभा जाळला. तुमच्या कामापायी आमचं घर जाणार, हितनं पाय काढा, असं सगळं बोलली. तो शिडीवर चढला. एक ट्यूब काढली, दुसरी वर उचलून बांधली आणि गेला. तरी पोवळी आणखीच पांढरी पडली.

त्याच दुपारी मालकिणीचा निरोप आला. बाईसाहेब उद्या पाहुणे घेऊन येतायत.

कस्तुरा चुलीपाशी सुन्न बसली होती. तिची आई बयाबाई दारातूनच शेजारणीला रागं भरत होती, की कल्हई उडालेल्या भांड्यात ताक काय ठेवतेस, कळकंल, पोरं वकतील.

कस्तुरा ताडकन उठली.

टाकीतलं थोडं पाणी आठवड्याला बदलायचं असायचं. त्यासाठीची बादली कुणीतरी फरशीच्या फिनाइलला वापरलेली. तिला ते किळसवाणं वाटलं. म्हणून गेल्या खेपेला तिनं घरातलं सगळ्यात पवित्र भांडं काढलं होतं. आईची तांब्याची कळशी. चिंचेनं घासून लख्ख केली, बुधल्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि रात्रभर निवळायला ठेवलं, घरच्या पिण्याच्या पाण्यासारखं. आता तिनं कळशीत हात घातला. आतल्या बाजूला हिरवट कड धरली होती. तांबं उतरून ताक कळकतं, तसा समुद्रही कळकला होता.

ती धुक्यातून लोणावळ्यापर्यंत चालत गेली. हनुमंत दुकानात होता. सगळ्यांदेखत तिनं सांगितलं, चूक माजी हुती, बोलले त्येबी चुकलं, आता चला.

त्यानं पिशवी उचलली. बंगल्यावर येताच रबरी नळी तोंडानं ओढून त्यानं टाकीतलं पाणी काढलं, खारट घोट गिळले, तोंड वेडंवाकडं केलं. उरलेले बुधले दोघांनी काचेच्या बरणीनं हळूहळू टाकीत रिकामे केले. मिठाच्या काचेच्या नळीवरची रेघ जुळली. जवळजवळ सगळी पोवळी पांढरीच राहिली. कोपऱ्यातल्या एका गड्ड्याला मात्र अजून रंग होता.

"उद्या मी सांगतो, माझ्या ट्यूबांनी झालं," तो म्हणाला. "मला दुसरी कामं मिळतील."

तिनं रिकामा बुधला गोणपाटात गुंडाळून ठेवला.

बाईसाहेब आल्या, टाकी बघितली, आणि पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा उतरला. कुणी केलं विचारताच हनुमंत पुढं झाला. म्हणाला, माझी चूक, उजेड जास्त झाला.

"खोटं बोलत्यात त्ये," कस्तुरा म्हणाली. कोंडाजींनी तिचा दंड दाबला, तरी ती थांबली नाही. कळशीचं सगळं सांगितलं. बाईसाहेबांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत खोली रिकामी करा.

मागच्या अंगणात हनुमंतानं तिला गाठलं. तो चिडला होता.

"गप्प बसली असतीस तर घर राहिलं असतं."

"आन् तुमाला या घाटात कुणी बल्ब तरी बसवू दिला असता का?" तिनं विचारलं. "तुमच्या नावावर पाय देऊन मला घर नको."

धुकं दोघांच्या मधे आलं, सरकलं.  मग तो अडखळत म्हणाला, की लोणावळ्यात त्याची खोली आहे, लहान आहे, पण कोरडी. आबांच्या दम्यालाही बरी. आणि ती हो म्हणत असेल तर…

"मला काय इचारताय. आबांना इचारा."

"आज? आज ते माझ्या अंगावर येतील. शांत झाले की—"

"शांत झाल्यावर कुणीबी इचारंल," ती म्हणाली. "आत्ता इचारा. म्या हाय तुमच्या संगं."

आत कोंडाजी खोकत होते, रागानं भांडी आपटत होते. हनुमंतानं दारात चपला काढल्या. तिनं त्याचा हात धरला, आणि दोघं वाकून आत शिरले.