दारातल्या रेघा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे मी या डोळ्यांनी बघितलंय, या बोटांनी चाचपलंय.

साल १९७४. गाव आष्टा. श्रावणातली सांज.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. माझी आत्या लीलाबाई एकटीच राहायची. तिचा नवरा गुंडामामा महायुद्धात इटलीत बेपत्ता झालेला.

तीस वर्षं झाली... आत्याचं कुंकू तसंच होतं.

तिच्या दिराचा पोरगा कृष्णात मागं लागला होता. कुंकू पूस, चुलता गेला म्हण, जमीन माझ्या नावावर कर.

मामानं बेपत्ता होण्याआधी इटलीतून एका जवानाबरोबर तिला एक जुनं छापचित्र धाडलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून दाबायचा. चित्रात एक बाई, पुढं मेणबत्ती, मागं उघडं दार. दारातला अंधार नुसत्या रेघांचा. जाळीवर जाळी विणलेली. ज्योतीला मात्र कोरणी लागलीच नव्हती. कोऱ्या कागदाचाच उजेड.

मामाचा निरोप होता, ही तुझ्यासारखीच बसलीय.

त्या सांजेला आत्याच्या घरी खुंटीवरच्या चित्रात दारातल्या रेघा जास्त वाटल्या...

कृष्णातचीच करणी, मला वाटलं. टाकानं ओढल्या असतील. काच काढून बोट फिरवलं.

टाकाची रेघ कागदात मुरते.

ही बोटाला उठून लागत होती... जुन्या रेघांसारखीच.

मी चित्र पेटीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पेटीतून आवाज आला.

खर्र... खर्र...

तांब्यावर कोरणी फिरावी तसा.

पेटी उघडली. आवाज थांबला.

नव्या रेघा आता वळत होत्या. सरळ रेघांचा अंधार होतो. वळणाऱ्या रेघांचं अंग होतं.

दारात खांदा होता. फेटा होता. लोंबता हात...

आणि अर्धी करंगळी.

मामाची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती.

मी कृष्णातला बोलावून जाब विचारला. तो वाकून बघत हसला. उलट माझ्यावरच आळ घेतला.

"आवं मास्तर, चुलत्याची उजवी गेलीती. ही डावी हाय. काडताना चुकला की तुमी."

मी परत त्या करंगळीवर बोट ठेवलं.

पत्र्यावरचं उजवं छापात डावं होतं. फसवणाऱ्यानं उजवीच काढली असती. म्हणजे ह्या रेघा कागदावर कुणी काढलेल्या नव्हत्या, पत्र्यावर कोरूनच उमटल्या होत्या.

आत्याला हे सांगितलं. तिनं चित्र पदरानं पुसलं, परत खुंटीला लावलं. उंबऱ्यावर दिवा ठेवला. दार सताड उघडं टाकलं.

सकाळी मी आणि कृष्णात गेलो.

चित्रातलं दार रिकामं होतं. सरळ रेघा. अंधार. बोट फिरवलं... वळणारी एकही रेघ नाही.

"आत्या, दारातला माणूस कुठं गेला?"

माजघराचं दार लोटलेलं होतं. ती तिकडं बघून हसली.

"हळू बोल रं. आत निजल्यात."

आत कुणीतरी कूस बदलली...

मी जागचा हललो नाही. कृष्णातनं दार ढकललं, आत डोकावला, आणि तसंच हळूच लोटून घेतलं.

जमिनीचं नाव त्यानं परत कधी काढलं नाही.

आत काय होतं, आज विचारलं तरी तो उठून जातो.